पास झालेल्या बाया पुन्हा अंगठा का लावतात?

ताई, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात राहते. बारावी झालेली आहे, बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती म्हणून काम करते. शाळेतल्या सरांनी 'उल्लास' या केंद्राच्या प्रौढ साक्षरता योजनेत स्वयंसेवक म्हणून माझं नाव घातलं, तेव्हापासून रात्रीची भांडी झाली की आमच्या ओसरीत बायांचा वर्ग घेते. मार्चमध्ये चौदाजणी परीक्षेला बसल्या, अकराजणी पास झाल्या. ग्रामपंचायतीत सत्कार झाला, फोटो निघाले. आता बघते तर त्यातल्या निम्म्याजणी बँकेत परत अंगठाच लावतात. एकीला गटाच्या वहीत स्वतःचं नाव सापडेना. सासूबाई म्हणतात, 'म्हाताऱ्यायला शिकवून तुला काय भेटलं?' मानधन काही नाही. त्यात यंदा सर म्हणतात, जास्त नावं द्या, ऊसतोडीला कारखान्यावर गेलेल्या बायांचीही टाका, त्यांचे पेपर तुम्हीच लिहून द्या, वरून आकडा मागतात. या शिकण्यातून खरंच काही निष्पन्न झालं का? वर्ग चालू ठेवू की बंद करू? दोन तरुण सुनांना पुढं शिकायचंय, त्यांना काय सांगू? माझं नाव छापू नका.

– एक वाचक, बीड जिल्हा

बाई, पेपरचं आधी सांगते, कारण त्याला थांबून चालणार नाही. दुसऱ्याचा पेपर लिहू नकोस. एकीचाही नाही. लबाडी ती लबाडीच, पण मला जास्त काळजी त्या बाईची वाटते जिच्या नावावर तू लिहिशील. ती कागदावर साक्षर झाली की निरक्षरांच्या यादीतून तिचं नाव उडालं. पुढच्या वर्षी तिला मनापासून शिकावंसं वाटलं तर तिच्यासाठी ना पुस्तक येणार, ना परीक्षा. तिच्या वाट्याची संधी तिला न विचारता आपण खर्ची टाकली, असं होईल ते.

सरांशी भांडायला मात्र जाऊ नकोस. त्यांच्याही डोक्यावर ओझं आहे. २०२३ मध्ये राज्यातल्या शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता, तो उगाच नव्हता. आता साक्षरतेचा ९५ टक्क्यांचा टप्पा गाठला की राज्याला किंवा केंद्रशासित प्रदेशाला 'पूर्ण साक्षर' जाहीर करता येतं. लडाख २०२४ मध्ये झालं, मिझोराम २०२५ मध्ये. मग खालच्या माणसापर्यंत आकड्याचा तगादा पोचणारच. तू सरांना एवढंच म्हण, 'सर, गावात असणाऱ्या बायांची यादी मी सहीनिशी देते. कारखान्यावरच्या आल्या की त्यांची देईन.' तोंडी बोलून सोडू नकोस. यादी कागदावर दे, खाली तारीख टाक, एक प्रत जवळ ठेव. तरीही कुणी जोर केला तर बचत गटांच्या ग्रामसंघाच्या बैठकीत विषय काढ. एकटीनं नाही म्हणणं जड जातं, सगळ्याजणींनी मिळून म्हटलं की निभावतं.

आता अंगठ्याचं. बाया अंगठा लावतात म्हणजे विसरल्या, असं तू धरून चाललीस. आधी बघ, कुठला अंगठा? बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीच्या मशीनवरचा असेल तर तो आधारची ओळख पटवायला लागतो. तिथं तू गेलीस, मी गेले, तहसीलदार बाई गेल्या तरी बोटच टेकवावं लागणार. तो हिशेबात धरूच नकोस. दुसरा अंगठा शाखेतल्या पैसे काढायच्या स्लिपवरचा. तिथं अडचण बहुतेक वेळा खात्यात असते. खातं उघडताना अंगठा दिलेला असला की बँकेच्या नोंदीत अंगठाच राहतो. बाईनं हिमतीनं सही केली तरी नोंदीत सहीच नाही म्हणून स्लिप परत येते. मागं रांग उभी, कारकून घाईत. एकदा असं तोंडावर पडलं की ती बाई पुन्हा सहीच्या वाटेला जात नाही. दोष तिच्या स्मरणशक्तीचा नाही.

म्हणून पहिलं काम हे कर. पासबुक, आधार आणि फोटो घेऊन चार-पाचजणींना एकदम शाखेत ने आणि सहीचा नमुना बदलून घेण्याचा अर्ज द्या. 'लाडकी बहीण'चा हप्ता पडतो ते दिवस टाळ, बाजाराचा दिवस टाळ. आधी मॅनेजरला विचारून निवांत वेळ ठरवून घे. घरी वहीत सही करणं निराळं आणि काचेपलीकडल्या माणसासमोर करणं निराळं, तेव्हा जायच्या आधी वर्गातच स्लिपा भरायचा सराव घे. शाखेत कोऱ्या स्लिपा मागितल्या तर देतात.

बँक मित्राकडचं शिकवायचं तर तिथली पावती वाचायला शिकव. काही ठिकाणी 'बोट उमटलं नाही, परत टेकवा' म्हणत एकाच बाईच्या खात्यातून दोनदा पैसे काढले जातात आणि हातात एकदाचेच दिले जातात. मी एका वर्गात पाहिलेली बाई सांगते. परीक्षेत तिला जेमतेम गुण होते. पण पावती हातात आली की ती आधी शेवटची ओळ बघायची, शिल्लक किती उरली ती, आणि मग काढलेली रक्कम. 'आधी किती व्हते ते मव्ह्या ध्यानात आसतंय, उरले किती ते ह्यात दिसतंय, मंग मधलं कळतंयच की,' असं ती म्हणायची. तिच्याकडून कुणी जास्तीचा अंगठा घेऊ शकलं नाही. तुझ्या अकराजणींपैकी कितीजणी पावती मागतात आणि वाचतात, हे एकदा बघ. शिक्षणाचं फळ मोजायचं तर मी तिथं मोजेन.

तुझ्या पत्रात कुठंच आली नाही अशी एक गोष्ट विचारते. चाळिशीपुढच्या किती बायांना जवळचा चष्मा आहे? या वयात जवळचं दिसणं कमी होत जातं. शेतात, चुलीपाशी ते जाणवत नाही, पुस्तक समोर आलं की जाणवतं, आणि बाई म्हणते, 'मला काय येतंय ह्या वयात!' तिला अक्षर येत नाही की दिसत नाही, हे कळायला सोपी खूण आहे. घरात सुईत दोरा कोण ओवतं ते विचार. नातवाला ओवायला देत असली तर तिच्या हातात पाटी देण्याआधी तिला चष्मा लागतो. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून नंबर काढून मिळतो आणि साधा जवळचा चष्मा महाग नसतो. गटाच्या वहीत जिला नाव सापडलं नाही तिची आधी ही तपासणी कर. त्या वह्यांच्या रेघा बारीक, त्यात फिकी शाई आणि ओसरीतला एक दिवा. माझा अंदाज आहे की तुझ्या वर्गातल्या निम्म्या अडचणी तिथं सुटतील.

आणि हो, विसरतातही. ते का, ते सांगते. परीक्षा दीडशे गुणांची. वाचन पन्नास, लेखन पन्नास, संख्याज्ञान पन्नास, प्रत्येकात तेहेतीस टक्के मिळाले की पास. म्हणजे वाचनात सतरा. सतरा गुणांची बाई अक्षराला अक्षर जोडत वाचते. तिसऱ्या शब्दापर्यंत येते तोवर पहिला निसटलेला असतो, मग वाक्याचा अर्थ कसा लागणार? जागतिक बँकेत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ हेलन अबाड्झी यांनी प्रौढांच्या वाचनाबद्दल हाच मुद्दा लावून धरला आहे. वाचन आपोआप व्हायला लागेल इतका वेग आला नाही तर मेंदूची सगळी ताकद अक्षरं ओळखण्यातच जाते आणि वर्ग सुटला की वाचनही सुटतं. लहान मूल शाळेत रोज पाच-सहा तास अक्षरांत असतं, वर्षानुवर्षं. तुझ्या बायांना आठवड्यात किती मिळतात, तेही दमून आल्यावर? प्रमाणपत्राच्या जागी त्या पोचल्या ती वाचनाची सुरुवात होती आणि नेमका तिथंच त्यांचा वर्ग ढिला पडला.

यात तुझा दोष नाही. आपल्याकडं हे असंच होत आलंय. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १५ ते ३५ वयाच्या दहा कोटी लोकांना शिकवायचं ठरलं. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, एर्नाकुलम १९९० मध्ये देशातला पहिला पूर्ण साक्षर जिल्हा झाला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत मोहिमा निघाल्या, कलापथकं, प्रभातफेऱ्या, घोषणा. २००९ मध्ये साक्षर भारत आलं, ते मुख्यतः बायांसाठी. ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र आणि महिना दोन हजार मानधनावर दोन प्रेरक. मार्च २०१८ मध्ये ते संपलं. प्रेरक घरी बसले. पुढची पाच वर्षांची योजना, 'उल्लास', यायला २०२२ उजाडलं. प्रत्येक वेळी सुरुवातीला जोर, शेवटी आकडा, आणि ज्या काळात नवं शिकलेलं घट्ट व्हायचं नेमका तो काळ रिकामा. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के होती आणि आपल्या शेजारच्या जालन्याची ७१.५२. निजामाच्या राजवटीत आपल्याकडं शाळाच कमी, त्याही बऱ्याच उर्दू माध्यमाच्या. आजच्या सत्तरीतल्या बायांच्या आयांना शाळेचं दार दिसलंच नाही. तो अनुशेष मोहिमेच्या एका वर्षात कसा भरून निघेल? जे धोरण परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी हात झटकतं त्यातून फार निघत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दुसऱ्या दिवशीही तू गावातच असतेस. म्हणून वर्ग बंद करू नकोस, त्याचं रूप बदल.

पास झालेल्यांना प्रवेशिका, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, परत वाचायला लावू नकोस. त्यांना तोंडपाठ आहे ते दे. सप्ताहात ऐकून ऐकून पाठ झालेले अभंग, आरत्या, आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या. मोठ्या अक्षरात एका पानावर एकच लिही. अर्थ माहीत असतो, पुढचा शब्द माहीत असतो, नजर नुसती सोबत चालते आणि वेग येतो. फसगत एकच होते. बाई पाठ म्हणत राहते आणि आपल्याला वाटतं वाचतेय. म्हणून मधेच हातानं ओळ झाक, वरच्या ओळीतल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेव आणि 'हे काय?' विचार. मग त्याच शब्दांच्या चिठ्ठ्या करून उलटसुलट दे. ओव्या तर बायांनी सांगाव्यात आणि तू लिहून घ्याव्यात. स्वतःच्या तोंडची ओवी कागदावर बघितली की बाई ती घरी नेते, नातवाला दाखवते. आठवड्यात दोनच रात्री बसा, पण बारा महिने बसा.

हिशेबाकडं तर नव्यानं बघ. आपण समजतो बायांना गणित येत नाही. गटात शेकडा दोननं पाच हजार घेतले तर महिन्याचं व्याज शंभर, हे कुठली बाई बोटं न मोडता सांगत नाही? तोंडी हिशेब पक्का आहे, कागदावर उतरत नाही एवढंच. तुझ्या गावात तो उतरवायची सगळ्यात मोठी जागा मुकादमाची वही आहे. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, किती टन तोडला, खाडे किती कापले, सगळं त्याच्या वहीत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई त्यात अर्धी वाटेकरी, पण वही तिनं कधी उघडून बघितलेली नसते.

हा हिशेब एक दिवस फळ्यावर मांड. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये ठरला तो टनाला ३६६ रुपये. एका कोयत्यानं दिवसाला दोन टन ऊस तोडला तर ७३२ रुपये. आता विचार, 'लाख रुपये उचल घेतली तर ती फिटायला किती दिवस?' बाया आधी अंदाज करतील, करू दे. मग भागाकार करून दाखव. १३७ दिवस. एकही खाडा न होता, दोघांपैकी कुणी आजारी न पडता, ऊस रोज दोन टन निघून. आणि कारखाना त्याआधीच बंद झाला तर? मी हे मांडलेलं पाहिलंय. सगळ्या एकदम बोलायला लागतात, कारण दरवर्षी बाकी का राहते ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. आपल्या गावाचा दर आणि उचल वेगळी असली तर तेच आकडे घाल. त्यानंतर दोन रेघांची एक छोटी वही प्रत्येकीला दे. तारीख आणि टन. वजनाची पावती बघून रोज रात्री कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, टाकायचं. हंगामाअखेर मुकादमाशी बसताना ती वही बाईच्या हातात असली पाहिजे. भांडण होईलच असं नाही. वही आहे म्हटल्यावर समोरचाही जपून बोलतो.

तुझ्या वर्गाचं वेळापत्रक शाळेसारखं नको. परीक्षा मार्चमध्ये आली आणि तुझं अर्धं गाव दसऱ्यानंतर जे जातं ते पाडव्याच्या आगेमागे परत येतं. या वेळा जुळतच नाहीत. दोष बायांच्या माथी का मारायचा? त्या आल्या की एप्रिलअखेर ते पेरणी हा एक काळ आहे आणि श्रावणापासून दसऱ्यापर्यंत दुसरा. तेव्हा जोरात चालव. त्या कारखान्यावर असताना फोन वापर. आफ्रिकेतल्या नायजर देशात अर्थतज्ज्ञ जेनी एकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरावर गावांतल्या प्रौढ वर्गांचा अभ्यास केला. काही गावांत वर्गासोबत साधा मोबाइल वापरायला शिकवलं. त्या गावांतल्या लोकांचे गुण जास्त आले आणि वर्ग संपून सात महिने झाल्यावरही गणितात ते इतरांपेक्षा पुढं होते. तिथंच दुसऱ्या एका प्रयोगात शिक्षकाला, गावप्रमुखाला आणि शिकणाऱ्यांना आठवड्यातून एकदा नुसता फोन करून 'वर्ग झाला का?' एवढं विचारलं जायचं, तेवढ्यानंही शिकणं सुधारलं. तुझ्या बायांचा व्हॉट्सअॅप ग्रुप कर. एका टोळीत एखादी शिकलेली सून असतेच, तिला धर. तू रोज एक ओळ लिहून पाठव, 'आज किती टन?', 'पोरगी शाळेत गेली का?' त्यांनी लिहूनच उत्तर द्यायचं, बोलून पाठवायचं नाही. चुका काढू नकोस.

'यातून काय निष्पन्न झालं' याचं खरं उत्तर द्यायचं तर फुगवून सांगणार नाही. बिहार आणि राजस्थानात 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं आयांसाठी वर्ग चालवले आणि त्याचा नीट, तुलना करून अभ्यास झाला. 'प्रथम'च्या रुक्मिणी बॅनर्जी त्या अभ्यासात होत्या, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आयांचं वाचन-गणित सुधारलं, पोरांचं गणितही थोडं सुधारलं, पण थोडंच. घरात मुलांच्या अभ्यासाकडं आईचं लक्ष मात्र वाढलं. म्हणजे चमत्कार होत नाही, घरातलं वळण हळूहळू बदलतं. तुझ्या अकराजणींपैकी किती जणी शाळेत जाऊन पोरीची वही मागून बघतात ते विचार.

आणि काही फळं अशी येतात की कुठल्या परीक्षेत ती बसत नाहीत. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गाच्या पुस्तकात दारूवर धडा होता. दुबागुंटा गावच्या बायांनी तो वाचला, त्यावर बोलल्या आणि उठून गावातली दारू बंद पाडली. १९९२ मध्ये ते लोण जिल्हाभर, मग राज्यभर गेलं आणि १९९३ मध्ये सरकारला देशी दारूवर बंदी आणावी लागली. त्याच सुमारास तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत साक्षरता मोहिमेत हजारो बाया सायकल शिकल्या आणि एकट्या बाहेर पडायला लागल्या. दुबागुंट्याचं तर मोहिमेच्या आराखड्यात कुणी लिहिलेलं नव्हतं. बायांना एकत्र बसायला जागा मिळाली आणि बसल्यावर त्यांनी ठरवलं. आपल्याकडं आडव्या बाटलीसाठी, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी, मतदान मागायचं तरी गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. तुझी ओसरी ही अशी जागा आहे. शेवटचा अर्धा तास पुस्तक मिटून बोलू दे त्यांना. रेशन, पाणी, दारू, ग्रामसभा, ज्या विषयावर बोलायचं त्यावर.

मानधनाचं तू एका ओळीत लिहून सोडलंस, पण ते मनात असणार आणि असायला हवं. 'उल्लास' योजनेला पाच वर्षांसाठी १०३७.९० कोटी रुपये आणि शिकवायचे पाच कोटी लोक. भागाकार केलास तर माणसामागे २०८ रुपयेसुद्धा पुरते येत नाहीत. तुझ्यासारख्या मुलींनी फुकट राबावं या भरवशावर ही योजना उभी आहे आणि मला ते चुकीचं वाटतं. तेव्हा जीव जाळून रोज वर्ग घेऊ नकोस. आठवड्याच्या दोन रात्रींपलीकडं जाऊ नकोस. वही, खडू, दिवा याचा खर्च ग्रामसंघाकडं आणि ग्रामपंचायतीकडं लेखी मागायचा, स्वतःच्या पदरचा घालायचा नाही. सासूबाईंना वाद घालून पटणार नाही. त्यांच्या खात्याची पावती घेऊन त्यांच्या शेजारी बस, शिल्लक कुठं लिहिलेली असते ते दाखव. त्यांच्या पैशाची गोष्ट निघाली की त्या ऐकतील.

त्या दोन सुनांचं बघू. त्यांना ओसरीत अडकवू नकोस, पुढं ढकल. शाळा किती झाली आहे ते आधी विचार. अजिबात झाली नसेल तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवीची आणि आठवीची परीक्षा घरी अभ्यास करून देता येते. पाचवी पास असल्याचा दाखला असेल आणि वय चौदाच्या वर असेल तर दहावीला सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म भरता येतो. दहावी झाली की बारावीलाही तोच रस्ता आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्ही जागांसाठी आता बारावी लागते, म्हणून घरच्यांना पटवायला हे कारण चालतं, सासऱ्यांसमोर तेच पुढं कर. बारावी न होता पदवीकडं जायचं असलं तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात सध्या तशी सोय आहे का ते विचारा, पण नोकरीचा विचार असेल तर मी आधी दहावी-बारावीच करायला सांगेन. दोघींनी एकत्र फॉर्म भरावा, म्हणजे एकीचं पुस्तक दुसरीला होतं आणि केंद्रावर जायला सोबत मिळते. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या शाळेत असतो, तो काढायलाच वेळ जातो, तेव्हा या सणाला माहेरी जातील तेव्हाच आणायला सांग. सतरा नंबरच्या तारखा सरांना आत्ताच विचारून ठेव, मुदत टळली तर विलंब शुल्क भरावं लागतं.